नासपतीला लाड सोसत नाहीत

न्यू जर्सी किंवा पेन्सिल्व्हेनियात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाच्या परसात पहिल्या उन्हाळ्यात काय लागणार, हे न बघताही सांगता येतं. मेथी, टोमॅटो, मिरच्या, दुधी, आणि थंडी पडली की आत घ्यायचा कुंडीतला कढीपत्ता. मग तीन-चार वर्षांनी फळझाडाची हुक्की येते. आंबा-चिकू तिथल्या बर्फात तग धरणार नाहीत, म्हणून सफरचंद किंवा पीच आणलं जातं. ही दोन्ही झाडं त्या दमट उन्हाळ्यात सतत फवारणी मागतात, हे कळेपर्यंत आणखी चार वर्षं जातात. नासपतीचं नाव सहसा निघतच नाही. खरं तर त्याच मातीत जन्मलेली आणि त्याच हवेला दोन शतकांहून जास्त काळ सरावलेली नासपतीची एक जात तिथे आहे. तिचं नाव सेकल.

सेकलचं फळ जेमतेम दोन इंचांचं. साल जाडसर, मळकट हिरवी, उन्हाकडच्या अंगाला विटकरी. दुकानात मांडलं तर कुणी हात लावणार नाही असं रूप, आणि म्हणूनच मोठ्या बाजारातून ते मागे पडलं. गर मात्र इतका गोड आणि किंचित मसालेदार, की अमेरिकेत तिचं टोपणनाव ‘शुगर पेअर’. मुंबई-पुण्यात पावसाळ्यात गाडीवर मिळणारी कडक, करकरीत नासपती बहुधा पंजाबच्या पत्थरनाख जातीची असते. ती आशियाई कुळातली, झाडावरून काढली की तशीच चावून खायची. सेकल युरोपीय कुळातली आहे, म्हणजे मऊ होऊ द्यायची. बब्बूगोशा खाल्ला असेल त्यांना गराचा अंदाज येईल.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाच्या दक्षिणेला, डेलावेअर नदीकाठच्या जमिनीत हे झाड आपोआप उगवलं. डच जेकब नावाचा कुणी एक माणूस दर शरदात शेजाऱ्यांना ही फळं वाटायचा आणि झाड कुठे आहे ते मात्र सांगायचा नाही, अशी कथा सांगतात. पुढे ती जमीन सेकल आडनावाच्या माणसाकडे गेली आणि फळाला त्याचं नाव चिकटलं. 1819 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड होसॅक यांनी तिची रोपं लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला पाठवली.

नासपतीचं बी पेरलं तर नासपतीच उगवते, पण सेकल उगवत नाही. दर बी म्हणजे नवा संकर. दहा-बारा वर्षं वाट पाहिल्यावर बहुधा तुरट, खडबडीत फळ हाती येतं. त्यामुळे आज कुठल्याही परसात उभं असलेलं सेकलचं झाड हे त्या नदीकाठच्या एकाच झाडाची काडी आहे, हातोहात कलम होत आलेली. जुने वाण टिकवणं म्हणजे बिया डबीत भरून ठेवणं, असं भाजीपाल्यामुळे आपल्या डोक्यात बसलंय. फळझाडांत ते चालत नाही. इथे चाकू धरता येणारी माणसं संपली की वाण संपतो.

म्हणून कलमाचं आधी सांगते, रोपवाटिकेतून तयार झाड आणणार असाल तरीही. काडी जानेवारी-फेब्रुवारीत घ्यायची, झाड पूर्ण झोपेत असताना. गेल्या उन्हाळ्यात वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड, आठ-दहा इंच लांब आणि टोकदार पानडोळ्यांची हवी. गुबगुबीत डोळे फुलांचे असतात, ते कलमाला नकोत. काड्या ओलसर कागदात गुंडाळायच्या, पाणी टपकेल इतका ओला कागद नको. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये. त्याच कप्प्यात सफरचंदं असतील तर ती दुसरीकडे हलवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने डोळे मरतात, आणि एप्रिलपर्यंत वरून काही कळतही नाही.

एप्रिलमध्ये खुंटाचे, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर काडी बांधायची त्याचे, डोळे फुगायला लागले की जिभली कलम करायचं. खुंट आणि काडी सारख्या जाडीचे असतील तर याच्याइतकं घट्ट बसणारं दुसरं कलम नाही. दोन्हींना दीड इंच लांब तिरपा काप द्यायचा आणि तो एकाच ओढीत. चाकू अडखळला तर पृष्ठभाग लाटेसारखा होतो आणि मध्ये हवा राहते. मग कापाच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर अर्ध्या इंचाची चीर देऊन दोन्हीकडे जीभ तयार करायची आणि त्या एकमेकींत अडकवायच्या. सालीच्या लगेच खाली जो हिरवट ओला थर असतो तो किमान एका बाजूला तरी तंतोतंत जुळला पाहिजे, कारण जोड तिथेच धरतो. आतल्या लाकडाचा काही उपयोग नाही. काडीवर दोन-तीन डोळे ठेवून बाकी छाटायची, जोड कलमपट्टीने ताणून बांधायचा आणि काडीचं वरचं तोंड मेणाने बंद करायचं. ते उघडं राहिलं तर काडी तिथून वाळते. तीन-चार आठवड्यांत डोळे फुटतात. मधल्या काळात खुंटाला खालून फुटणारे कोंब खुडत राहायचं, नाहीतर सगळा रस तिकडे जातो. जोड फसला असेल तर बहुतेक वेळा दोष बोथट चाकूचा असतो. आधी विलोच्या किंवा कुठल्याही छाटलेल्या फांद्यांवर पन्नासेक काप घालून हात बसवावा.

परसात आधीच्या मालकाने लावलेलं शोभेचं ब्रॅडफर्ड पेअर असेल, तर तोही खुंट म्हणून चालतो. वसंतात पांढऱ्या फुलांनी लगडणारं आणि सडक्या मासळीसारखा वास सोडणारं ते हेच झाड. ते ‘कॅलेरी पेअर’ या रानटी नासपतीच्या जातीचं. रानोमाळ पसरून डोकेदुखी झाल्यामुळे पेन्सिल्व्हेनियाने 2024 पासून त्याची विक्रीच बंद केली आहे. कापल्यावर बुंध्यातून जे तरतरीत फुटवे येतात त्यातल्या दोन-तीनांवर सेकल बांधता येते. मुळं आधीच खोल गेलेली असल्याने ती भराभर वाढते. मात्र कलमाखालून येणारी काटेरी फूट आयुष्यभर काढत राहावी लागते.

तयार झाड विकत घेताना सेकल हे नाव बघून लोक समाधानी होतात. खरा प्रश्न खाली कोणता खुंट आहे हा असतो. नासपतीच्या बीपासून वाढवलेला खुंट असेल तर झाड पंचवीस फुटांच्या पुढे जाईल आणि पहिलं फळ द्यायला सात-आठ वर्षं घेईल. पण ते नातवंडांपर्यंत पोहोचेल. मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्स गावात त्या वसाहतीचे गव्हर्नर जॉन एन्डिकॉट यांनी सतराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लावलेलं नासपतीचं झाड अजून उभं आहे. 1964 मध्ये कुणी तरी ते करवतीने कापून टाकलं, तरी ते बुंध्यातून परत फुटलं. एवढा वेळ आणि एवढी जागा नसेल तर ओएचएफ 87 किंवा ओएचएफ 333 हा खुंट मागावा. ‘ओल्ड होम’ आणि ‘फार्मिंगडेल’ या दोन रोगप्रतिकारक नासपतींच्या नावांवरून या मालिकेचं नाव पडलं. त्यांच्यावरचं झाड साधारण दोन तृतीयांश उंचीचं राहतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फळतं. इंग्लंड-फ्रान्समध्ये क्विन्स या नासपतीच्या नात्यातल्या झाडाच्या खुंटावर बुटकी नासपती करतात, ते वाचून अमेरिकेत कुणी क्विन्स मागू नये. अनेक वाणांचा त्याच्याशी जोड नीट धरत नाही. वरून ठीक दिसणारं झाड काही वर्षांनी वाऱ्यात जोडापाशी मोडतं. शिवाय क्विन्स स्वतःच जिवाणूच्या करप्याला लवकर बळी पडतो.

जागेची निवड करताना थंडी दोन बाजूंनी बघावी लागते. युरोपीय नासपतीला डोळे उघडण्यासाठी हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसच्या खालची थंडी साधारण 800 ते 1000 तास लागते. काही वाणांचं थोडं कमीत भागतं. फिलाडेल्फियाच्या आसपास ती डिसेंबर-जानेवारीतच भरून निघते. महाबळेश्वरलाही ती मिळत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाईकाचं झाड पाहून पाचगणीच्या बंगल्यात सेकल लावायचा बेत कुणी करत असेल तर तो सोडावा. झाड जगेल, पण धड फुलणार नाही. भारतात सखल भागात हौस भागवायची तर कमी थंडीवर भागणारी पत्थरनाख आहे. बॅगेतून काड्या इकडून तिकडे नेणं हा तर दोन्ही देशांच्या विलगीकरण नियमांचा भंग आहे, आणि त्या नियमांमागे खरंखुरं कारण आहे. ते पुढे करप्याच्या संदर्भात येईलच.

थंडीची दुसरी बाजू एप्रिलमध्ये दिसते. पूर्ण फुललेल्या झाडाला उणे दोन अंशांची अर्धा तास थंडी बसली तर दहातलं एक फूल जातं. उणे साडेचारला दहातली नऊ जातात. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. म्हणून परसाच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात किंवा खालच्या बाजूच्या बंद कुंपणाला लागून झाड लावू नये. ऊन रोज सहा-आठ तास हवंच. सकाळचं जास्त मोलाचं, कारण पानांवरचं दव लवकर सुकतं.

चिकणमाती नासपतीला पीचपेक्षा बरीच मानवते, साचलेलं पाणी मात्र नाही. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल तर जागा बदला किंवा फूट-दीड फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. लावणी मार्चअखेरीला, उघड्या मुळांच्या झाडाची. मुळं दोन-तीन तास पाण्यात ठेवायची. खड्डा मुळांच्या दुप्पट रुंद, पण मुळांइतकाच खोल. कलमाचा जोड मातीच्या वर दोन-तीन इंच राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरची काडी स्वतःची मुळं सोडते आणि बुटक्या खुंटाचे पैसे वाया जातात. लावल्यावर शेंडा अडीच ते तीन फुटांवर कापायचा, वीसेक लिटर पाणी द्यायचं आणि भोवती लाकडाच्या भुश्शाचं तीन-चार इंच आच्छादन करायचं, बुंध्यापासून हातभर सोडून. बुंध्याला टेकलेल्या आच्छादनात हिवाळ्यात रानउंदीर राहतात आणि साल गोल कुरतडतात. त्यासाठी अर्ध्या इंचाच्या जाळीचा दोन फुटी नळा बुंध्याभोवती पहिल्याच दिवशी लावून टाकावा. हरणांसाठी आठ फुटी जाळी, किंवा झाड सहा फुटांचं होईपर्यंत प्रत्येक झाडाला स्वतंत्र पिंजरा.

या सगळ्यात खड्ड्यात शेणखत घालण्याचा उल्लेख आला नाही, तो मुद्दाम. आपल्याकडे झाड लावायचं म्हणजे खड्ड्यात पाटीभर शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, जमलं तर थोडं सुपर फॉस्फेट. कोकणात किंवा देशावर त्यात काही चूक नाही. नासपतीला मात्र हे लाड सोसत नाहीत. तिचे सगळे मोठे आजार आणि बहुतेक खोडी एकाच वाटेने येतात: कोवळी, रसरशीत, भराभर वाढलेली फूट. त्या फुटीवर जिवाणूचा करपा बसतो, त्याच फुटीवर सायला कीड अंडी घालते, आणि ती फूट सरळ आकाशाकडे जाते म्हणून फळही धरत नाही. नत्र दिलं की हे तिन्ही एकदम मिळतं. हिरवळीला मारलेलं नत्रयुक्त खतही मुळांपर्यंत पोहोचतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झाडाच्या घेराखाली आणि त्याबाहेर दोन-तीन फुटांपर्यंत लॉनचं खत टाकू नये.

खत द्यायचं की नाही हे झाडालाच विचारता येतं. दर हिवाळ्यात चार-पाच फांद्यांची यंदाची वाढ मोजायची. गेल्या वर्षीच्या टोकाशी सालीवर सुरकुत्यांचं कडं असतं, तिथून शेंड्यापर्यंत. फळं न धरलेल्या तरुण झाडाची वाढ दीड ते दोन फूट असेल तर उत्तम. फळणाऱ्या झाडाची आठ ते बारा इंच पुरे. त्याहून कमी असेल तर वसंतात एक-दोन पाट्या कंपोस्ट पसरायचं. फळणाऱ्या झाडाची वाढ दीड फुटाच्या वर असेल तर दोन वर्षं हात आखडायचा.

छाटणीतही हेच. नासपतीच्या फांद्या जात्याच उभ्या, केरसुणीसारख्या. त्या बघवत नाहीत म्हणून लोक फेब्रुवारीत सपासप कापतात, आणि जूनमध्ये प्रत्येक कापाखाली पाच-पाच पाणसोट, म्हणजे सरळ वर जाणारे वांझ फुटवे, उभे राहतात. मग पुढच्या वर्षी आणखी छाटणी, आणखी पाणसोट. हे चक्र मोडायचं तर कापण्याऐवजी वाकवायला शिकावं. पहिल्या दोन-तीन वर्षांत नवी फूट पाच-सहा इंचांची आणि हिरवी असतानाच तिच्या बगलेत कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, म्हणजे ती बाहेर कलते. पुढे पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांना लाकडी आधार किंवा दोरी लावून बुंध्याशी साठेक अंशांच्या कोनात आणायचं. पूर्ण आडवी केली तर पाठीवरून पाणसोट निघतात. वाकवलेल्या फांदीचा जोर ओसरतो आणि दोन-तीन वर्षांत तिच्यावर आखूड, गाठाळ फळकाड्या तयार होतात. फळ त्यांच्यावरच येतं आणि त्या वर्षानुवर्षं चालतात, म्हणून छाटताना त्यांना धक्का लावायचा नाही. उशिरा हिवाळ्यात मेलेलं, एकमेकांत घासणारं आणि आत वळलेलं तेवढं काढायचं. एका वर्षात पाव झाडापेक्षा जास्त नाही. पाणसोट जुलैमध्ये हाताने ओढून काढले तर परत फुटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.

आता जोडीदार. सेकल थोडीफार स्वतःच्या परागावर फळते, पण दुसरी जात जवळ असेल तर फळ भरपूर धरतं. इथे एक ठरलेली फसगत होते. रोपवाटिकेत सर्वांत ओळखीची नासपती बार्टलेट, म्हणून लोक सेकल आणि बार्टलेट अशी जोडी उचलतात. नेमके हेच दोन वाण एकमेकांना फलित करत नाहीत. दोन्ही झाडं भरभरून फुलतात आणि फळांच्या नावाने चार-दोन दाणे. बोस्क चालली असती, पण ती करप्याला फार हळवी. मॅग्नेस सेकलच्याच वंशातली, चवीला अप्रतिम आणि रोगाला घट्ट, पण तिचा पराग वांझ. ती घेईल, देणार काही नाही. मूनग्लो किंवा अंजू यांपैकी एक पन्नास-साठ फुटांच्या आत असावी. जागाच नसेल तर सेकलच्याच एका फांदीवर मूनग्लोची काडी बांधावी, आणि त्या फांदीला रंगीत दोरी, म्हणजे छाटताना ती उडणार नाही. मधमाश्यांना नासपतीच्या फुलांची फारशी ओढ नसते. या फुलांच्या रसात साखर फार थोडी, त्यामुळे शेजारी डॅन्डेलायन फुलला की माश्या तिकडे वळतात. फुलोऱ्याच्या दहा दिवसांत झाडाखालचं गवत कापून घ्यावं.

करपा, म्हणजे फायर ब्लाइट, हा या झाडाचा खरा शत्रू. तो मूळचा अमेरिकेचाच. अठराव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या हडसन खोऱ्यातल्या बागांत तो पहिल्यांदा नोंदला गेला. युरोपातून आलेली नासपती त्याला कधी सामोरी गेलेली नव्हती, त्यामुळे तिच्याकडे उत्तरच नव्हतं. काड्या देशाबाहेर नेण्यावरच्या नियमांमागचं कारण हेच. पुढे शंभरेक वर्षांनी इलिनॉय विद्यापीठातल्या थॉमस बरिल यांनी हा रोग जिवाणूमुळे होतो हे दाखवलं. वनस्पतींनाही जिवाणूंमुळे रोग होतात, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं ते नासपतीवर. आपल्याकडे डाळिंबवाल्यांना तेल्या माहीत आहे. तोही जिवाणूचा रोग, आणि एकदा आत शिरल्यावर औषधाने बरा न होणं हा दोघांचा समान गुण.

हिवाळा तो फांदीवरच्या जुन्या, खोलगट, काळपट चट्ट्यांच्या कडेला काढतो. वसंतात तिथून मधाच्या रंगाचा चिकट स्राव पाझरतो. माश्या आणि पावसाचे थेंब तो फुलांवर नेतात, आणि मग मधमाश्या फुलाफुलांत पोहोचवतात. फुलोऱ्यात दिवसाचं तापमान 18 अंशांच्या वर आणि त्यात पाऊस किंवा जड दव, असे दोन-तीन दिवस लागले की समजावं, पेरणी झाली. एक-दोन आठवड्यांत फुलांचे घोस पाण्यात उकळल्यासारखे दिसतात आणि काळे पडतात. कोवळ्या फुटीचा शेंडा काठीच्या मुठीसारखा वाकतो, पानं जळाल्यासारखी काळी होऊन तशीच लटकत राहतात. दुष्काळाने वाळलेलं पान गळतं, करप्याचं गळत नाही. ओळखीची खूण हीच.

दिसल्या दिवशी कापायचं, पण पाऊस पडत असताना नाही. जिथे काळं संपतं तिथे रोग संपलेला नसतो. जिवाणू पुढे निरोगी दिसणाऱ्या सालीत गेलेला असतो. म्हणून शेवटच्या काळ्या खुणेच्या खाली किमान फूटभर, शक्यतो दोन वर्षांच्या लाकडात काप घ्यायचा. अगदी जोडाशी सपाट कापू नये. चार-पाच इंचांचं ओबडधोबड खुंटं ठेवायचं, कारण कापाच्या तोंडाशी परत छोटा चट्टा पडू शकतो आणि तो या खुंटातच अडकतो. हिवाळ्यात, जिवाणू झोपलेला असताना ते खुंटं सफाईने काढायचं. दर कापानंतर कात्री 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी. ब्लीचचं एकास नऊ पाणीही चालतं, पण त्याने कात्री गंजते. कापलेलं सगळं पिशवीत घालून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. दोन-चार शेंडे वाचवण्याच्या मायेपोटी लोक सहा इंचांवर कापतात आणि आठवड्याने पुन्हा तेच करतात, तोवर रोग मुख्य फांदीत उतरलेला असतो. बुंध्यावर किंवा खुंटावर चट्टा गेला तर झाड काढावं.

फवारणीला इथे जागा थोडीच आहे. डोळ्यांची टोकं रुपेरी दिसू लागताच एकदा ताम्रयुक्त औषध, म्हणजे आपल्या द्राक्षवाल्यांच्या बोर्डोचीच भावंडं. फुलं उमलल्यावर तांबं मारलं तर फळाची साल खरखरीत होते. स्ट्रेप्टोमायसिनचा उपयोग फक्त फुलोऱ्यात, संसर्गाच्या दिवसांच्या आगेमागे. शेंडे वाकलेले दिसल्यावर ते मारणं म्हणजे पैसे आणि प्रतिजैविक दोन्ही वाया. सेकल या रोगाला बार्टलेटपेक्षा बरीच दाद देत नाही, पण अभेद्य नाही. खताने माजवलेली सेकल उपाशी ठेवलेल्या बार्टलेटइतकीच जळते.

बाकी उपद्रव लवकर आटोपता येतात. सायला 1832 च्या सुमाराला युरोपातून कनेक्टिकटमध्ये आली. विदर्भातल्या संत्रेवाल्यांना तिची चुलत बहीण ठाऊक असेल. पानांवर चिकटा आणि त्यावर काळी काजळी दिसली की ती आली. डोळे फुगायच्या आत, मार्चच्या कोरड्या दिवशी, बागायती तेलाची एक फवारणी अंडी घालायला आलेल्या माद्यांना परतवते. फळं पोखरणाऱ्या अळीसाठी फळ पाऊण इंचाचं झाल्यावर कागदी पिशवी बांधावी, तीच सर्वांत खात्रीची. सेकलचे घोस असल्याने एका पिशवीत दोन फळं बसतात. विरळणी सेकलला फार लागत नाही, तरी घोसात चार-पाच असतील तर दोन ठेवावीत, नाहीतर झाड एक वर्षाआड फळायला लागतं. ओल्या उन्हाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून ऑगस्टमध्येच पानगळ झाली तर तो बुरशीचा ठिपका. पडलेली पानं गोळा करून परसाबाहेर काढणं हा त्यावरचा अर्धा इलाज.

एवढं सगळं नीट जमूनही माणसं शेवटच्या पायरीवर घसरतात. फळ झाडावर पूर्ण पिकू देणं हे आपल्याला प्रेमाचं लक्षण वाटतं. युरोपीय नासपती आतून बाहेर पिकते. बाहेरून ती बोटाला मऊ लागते तेव्हा गाभा तपकिरी होऊन सडायला लागलेला असतो. शिवाय झाडावर राहिलेल्या फळात वाळूसारखे कठीण कण वाढतात. तिला आंब्यासारखं पाडाला आलं की उतरवायचं आणि अढीत पिकवायचं. हा हिशेब कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, फक्त नासपतीलाही तो लागू आहे एवढं कुणी तरी सांगावं लागतं.

पाड ओळखायची रीत सोपी. सप्टेंबर लागला की फळ तळहातात घेऊन देठापासून आडवं उचलायचं. देठ फळकाडीच्या गाठीपाशी टक्कन सुटला तर तयार. ओढावं किंवा पिळावं लागलं तर अजून आठवडा. सालीवरचे बारीक ठिपके पांढऱ्याचे तपकिरी होतात, गर्द हिरवा रंग किंचित फिकट होतो, आणि फळ कापलं तर बिया तपकिरी दिसतात. सगळी फळं एका दिवशी तयार होत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांत दोन-तीन तोडे. देठ फळालाच राहू द्यायचा. तो उपटला तर तिथून बुरशी शिरते. सेकलबाबत थोडी सूट आहे: ती झाडावर जरा जास्त राहिली तरी बार्टलेटइतकी बिघडत नाही. पण त्या सुटीवर भिस्त ठेवली तर पिवळ्या गांधीलमाश्या आधी पोहोचतात.

तोडलेली फळं एक-दोन थरांत, झाकलेल्या पण हवेशीर खोक्यात, फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवायची. थंडीचा हा मुक्काम वाणागणिक वेगळा. सेकल आणि बार्टलेटला आठवडा-दोन आठवडे पुरतात. अंजूला दोन महिनेही लागतात, आणि ती घाईने बाहेर काढली तर पिकायच्या ऐवजी रबरासारखी राहते. मग लागतील तेवढीच फळं बाहेर काढून 18 ते 21 अंशांच्या खोलीत चार-सहा दिवस. लवकर हवी असतील तर कागदी पिशवीत एका केळ्यासोबत. पिकली की नाही हे फळाच्या पोटावर दाबून बघायचं नाही, तिथे फक्त बोटाचा डाग पडतो. देठाजवळची मान अंगठ्याने हलकेच दाबावी. ती किंचित दबली की त्याच दिवशी खावी. उरलेली परत फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्याहून जास्त नाही.

मुरांब्याला मात्र पिकलेली फळं घेऊ नयेत. थंडीतून काढलेली, अजून टणक सेकल पातळ सोलून देठासकट अख्खी घ्यावी. किलोला 700 ग्रॅम साखर, पाव लिटर पाणी, एका लिंबाचा रस, चार लवंगा आणि आठ वेलदोडे. मंद आचेवर पाऊण तास, फळ पारदर्शक दिसेपर्यंत. मध्ये ढवळायचं नाही, पातेलंच हलवायचं. टूथपिक गाभ्यापर्यंत सहज गेली की आच बंद. सोललेली फळं काळी पडू नयेत म्हणून पातेल्यात जाईपर्यंत लिंबाच्या पाण्यात ठेवावीत, आणि पाकात बुडलेली राहतील अशी रुंद तोंडाच्या बरणीत भरून ती फ्रिजमध्येच ठेवावी.